कायाकवर काचेचं कापड चढवताना

माझी सतरा फुटी कायाक, म्हणजे वल्ह्याची निमुळती होडी, मरीन प्लायची. तिच्यावर कापड चढवायचं ते दिवाळीनंतरच. पावसाळ्यात रत्नागिरीच्या दमट हवेत इपॉक्सीवर, म्हणजे कापड लाकडाला चिकटवणाऱ्या राळेवर, मेणचट थर येतो. आलाच तर आधी साधं पाणी आणि भांड्यांची घासणी, मग पॉलिश पेपर.

वेळ संध्याकाळची. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगते आणि कापडाखाली बुडबुडे धरतात. पहिल्या खेपेला माझ्या अख्ख्या तळाला पुरळ उठल्यासारखं झालं होतं.

चौरस मीटरला २०० ग्रॅमचं कापड कोरडंच पसरा, हाताने सुरकुत्या काढा. इपॉक्सी घट्ट करणारा हार्डनर काट्यावर मोजून, डब्यावरच्या वजनी प्रमाणातच. पॉलिएस्टर राळ वापरणाऱ्यांचं ‘थोडं जास्त घाल, लवकर सुकेल’ इथे चालत नाही, चिकटच राहतं. एका वेळी पाव लिटर इपॉक्सी कालवा आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओता, डब्यात ते भलतंच तापतं. मधोमध ओतून रबरी पट्टीने कडांकडे ओढा. कापड पारदर्शक झालं, पण वीण दिसतेय, की थांबा. चकाकतंय म्हणजे कापड तरंगतंय, जादा माल ओढून काढा.

वीण भरायचे पुढचे दोन हात आधीचा थर जरा चिकट असतानाच. वरून यूव्ही वार्निश हवंच. उघडं इपॉक्सी उन्हात टिकत नाही.