कुत्र्या-मांजरांना फळं देताना या चुका टाळा

केळ्याच्या दोन चकत्या, बिया काढलेली सफरचंदाची फोड किंवा कलिंगडाचा गर कुत्र्याला अधूनमधून द्यायला हरकत नाही. घोटाळा होतो तो आपण जे फळ म्हणून मोजतच नाही त्यात.

मनुके, बेदाणे हे त्यातलं पहिलं नाव. द्राक्षं देऊ नयेत हे बऱ्याच जणांना ठाऊक असतं, पण प्रसादाच्या शिऱ्यातला किंवा रव्याच्या लाडवातला बेदाणा कुणी वेचून काढत नाही. द्राक्षांनी कुत्र्याच्या किडन्या निकामी होऊ शकतात. दोष टार्टारिक आम्लाचा असावा, असं २०२१ पासून मानलं जातं. ते चिंचेतही भरपूर असतं, म्हणून भेळेची चटणी आणि चिंचगुळाची आमटीही नको. सुरक्षित प्रमाण सांगता येत नाही. एखादा कुत्रा मूठभर पचवतो, दुसऱ्याला थोडेसेच भोवतात.

खाल्लेच, तर मीठपाणी पाजून उलटी करवू नका. हा उपाय सर्रास सांगितला जातो, पण रक्तात सोडियम वाढून झटके येऊ शकतात. लगेच डॉक्टरांना फोन करून काय, अंदाजे किती आणि कधी खाल्लं ते सांगा, कुत्र्याचं वजनही सांगा. ‘खेळतोय की मस्त’ म्हणून थांबू नका; किडनीचा त्रास दिसायला एक ते तीन दिवस लागू शकतात, आणि उपचाराची खरी वेळ त्याआधीची असते.

आंब्याचा गर चालतो, बाठा नाही. चोखून टाकलेल्या बाठ्याला गोड वास असतो आणि कचऱ्याचा डबा उघडाच असतो! गिळलेला बाठा आतड्यात अडकला की कुत्रा वारंवार ओकतो, जेवण सोडतो, शी होत नाही. अशा वेळी पोट साफ व्हायचं औषध घरी देऊ नका, एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून घ्या.

मांजरांचं सोपं आहे. त्यांना गोड चव कळतच नाही, त्यामुळे फळाचा आग्रह धरण्यात अर्थ नाही. मात्र पिसवा जाव्यात म्हणून त्यांच्या अंगाला लिंबाचा किंवा संत्र्याचा तेलार्क (इसेन्शियल ऑइल) चोळणं घातक आहे. त्यातलं लिमोनीन हे द्रव्य मांजराला सोसत नाही, आणि अंग चाटून ते पोटातही जातं. लावलं असेल तर भांडी घासायच्या सौम्य लिक्विडने धुऊन काढा. लाळ गळत असेल किंवा चाल लडखडत असेल, तर तडक दवाखाना गाठा.