जुन्या पीसीवर विंडोज ७ पण ठेवा आणि १० पण टाका

मोंढ्यात अजून कितीतरी आडतीवर डॉसमधलं (विंडोजच्या आधीच्या जुन्या सिस्टमवरचं) जुनं बिलिंग चालायलंय, शेतकऱ्याची पट्टी डॉट मॅट्रिक्सवर कार्बन लावून निघते आणि हे सगळं ३२ बिट विंडोज ७ वर बसलेलं असतं. आता अडचण अशी की नव्या साईट त्यावर धड उघडेनात, कारण क्रोमनं ७ साठी १०९ च्या पुढं व्हर्जन दिलंच नाही. मग कुणीतरी पोरगं येऊन म्हणतं, फॉरमॅट मारू अन् १० टाकू. मारू देऊ नका! ६४ बिट विंडोजवर डॉसचा प्रोग्राम उघडतच नाही, आणि जुन्या प्रिंटरचा ड्रायव्हर मिळंल का नाही ते वेगळंच. दोन्ही विंडोज एका मशीनवर मजेत राहतात, फक्त क्रम पाळायचा, जुनी आधी आणि नवी नंतर. ७ आधीपासून आहेच म्हणून बरंय. उलटं केलं, म्हणजे १० असलेल्या मशीनवर मागून ७ टाकली, तर ती आपला जुना बूट मॅनेजर (मशीन चालू होताना विंडोज सुरू करून देणारा प्रोग्राम) बसवते आणि त्याला १० चालू करता येत नाही.

रॅम कागदावर ६४ बिट १० ला २ जीबी पुरते म्हणतात, पण खरं सांगायचं तर ४ पाहिजेच. व्हर्च्युअल मशीन (एका विंडोजच्या आत दुसरी चालवणं) टाका म्हणणारे भेटतील, तेवढ्या रॅममध्ये दोन्ही रडत चालतील, त्या नादाला लागू नका. चार पैसे खर्चायची तयारी असेल तर सगळ्यात बिनघोर रस्ता म्हणजे छोटी एसएसडी (नव्या प्रकारची जलद डिस्क) घ्या, जुन्या हार्डडिस्कची वायर काढून ठेवा, एसएसडीवर १० टाका, मग वायर परत जोडा. चालू करताना बूट मेन्यूतून जी पाहिजे ती डिस्क निवडायची, एकीचा दुसरीला धक्काच नाही.

एकाच डिस्कवर करायचं असेल तर पुढचं वाचा.

पहिलं म्हणजे बिलिंगचं अख्खं फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा आणि ती कॉपी दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. दुसरं, लाईट. पार्टिशन (डिस्कचा पाडलेला भाग) लहान करताना लाईट गेली तर डेटा जायची भीती असते, आणि आपल्याकडं लाईट विचारून जात नाही. इन्व्हर्टर आहे म्हणून निवांत राहू नका, बऱ्याच इन्व्हर्टरला मागं एक बटण असतं, ते यूपीएस मोडवर नसेल तर लाईट जाताना जो झटका बसतो तेवढ्यात पीसी रिस्टार्ट होतो.

आता जागा. आपल्याकडच्या असेंबल मशीनला सी, डी, ई, एफ असे ड्राईव्ह पाडलेलेच असतात, तर शेवटचा रिकामा करा, त्याला दहा असं नाव द्या आणि तोच वापरा, कापाकापीची गरजच नाही. एकटा सीच असेल तर कॉम्प्युटरवर राईट क्लिक, मॅनेज, डिस्क मॅनेजमेंट, सीवर राईट क्लिक, श्रिंक व्हॉल्युम. आकडा एमबीत मागतो, ६० जीबी पाहिजे तर ६१४४० टाका. कधी कधी डिस्क अर्धी रिकामी असून तो म्हणतो ५ जीबीच देतो, कारण पेज फाईल (रॅम कमी पडली की विंडोज वापरते ती डिस्कवरची फाईल) आणि रिस्टोअर पॉईंट (मागच्या स्थितीला परत जायला ठेवलेली नोंद) मधीच ठाण मांडून बसलेले असतात. सिस्टम प्रोटेक्शन बंद करा, व्हर्च्युअल मेमरीत नो पेजिंग फाईल निवडा, रिस्टार्ट करा, परत श्रिंक करा, जागा निघते. नंतर दोन्ही आठवणीनं पहिल्यासारखं करा. रिकाम्या जागेवर न्यू सिंपल व्हॉल्युम करून त्याला नाव द्या, दहा म्हणून. ब्रँडेड कंपनीच्या मशीनवर आधीच चार प्रायमरी (मुख्य) पार्टिशन असले तर इथं डिस्क डायनॅमिक करू का असं विचारतो, तिथं नोच म्हणायचं आणि थांबायचं. अशा मशीनला एसएसडीचा रस्ता बरा.

दुसऱ्या चांगल्या मशीनवर ८ जीबीचा पेनड्राईव्ह मायक्रोसॉफ्टच्या मीडिया क्रिएशन टूलनं (१० चा इन्स्टॉल पेनड्राईव्ह बनवणारा प्रोग्राम) तयार करा. सुरू होताना एफ१२, काही कंपन्यांत एफ९, दाबून पेनड्राईव्ह निवडा. यादीत तोच पेनड्राईव्ह दोनदा दिसला तर ज्याच्यापुढं यूईएफआय (मशीन चालू करायची नवी पद्धत) लिहिलेलं नाही तो घ्या, नाहीतर जुन्या एमबीआर पद्धतीनं भाग पाडलेल्या डिस्कवर इन्स्टॉल होत नाही असा एरर येतो. पुढं अपग्रेड नाही, कस्टम. या स्क्रीनवर सी, डी अशी अक्षरं नसतात, नुसते पार्टिशनचे नंबर आणि साईज असते, म्हणून तर मघाशी नाव द्यायला लावलं. नाव आणि साईज दोन्ही जुळल्याशिवाय नेक्स्ट दाबू नका आणि सिस्टम रिझर्व्ह्ड नावाच्या छोट्या पार्टिशनला हात लावू नका, दोन्ही विंडोज चालू करणाऱ्या फाईली तिथंच असतात.

झाल्यावर १० मध्ये गेलात की तिचाच ड्राईव्ह सी दिसतो आणि जुना सी दुसऱ्याच अक्षरावर गेलेला असतो, डेटा गेला म्हणून घाबरू नका. चालू करताना निळा मेन्यू येतो, त्यात ७ निवडली की मशीन एकदा रिस्टार्ट होऊन मग ७ येते, याचा कंटाळा येतो. १० मध्ये एमएसकॉन्फिग (चालू होण्याच्या सेटिंगचं विंडोजचं टूल) उघडा, बूट टॅबमध्ये ७ ला डिफॉल्ट करा, मग जुना काळा मेन्यू येतो आणि तो डायरेक्ट नेतो. तिथंच मेन्यू थांबायची वेळ ३० सेकंदांवरून १० सेकंद करा.

आणि १० च्या पॉवर ऑप्शनमध्ये फास्ट स्टार्टअपची टिक काढाच. ती असली की १० पूर्ण बंदच होत नाही, ड्राईव्ह अर्धवट अडकवून ठेवते, मग ७ दर वेळेला डिस्क चेक करत बसते आणि एखादी फाईल बिघडायची पण शक्यता असते.

७ चे अपडेट १४ जानेवारी २०२० लाच बंद झाले, त्यामुळं तिच्यात डिव्हाईस मॅनेजरमधून नेटवर्क अडॅप्टर डिसेबल करून टाका, १० मधल्या नेटला त्याचा काही फरक पडत नाही. १० चा सपोर्ट पण १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, ११ जुनं मशीन घेत नाही, तर बँकेचं काम मोबाईलवरच ठेवलेलं बरं. उद्या १० काढायची झाली तर ७ मध्ये जाऊन एमएसकॉन्फिगमधून आधी तिची एंट्री डिलीट करा, मगच तो ड्राईव्ह फॉरमॅट मारा.