करडईला युरिया टाकण्याआधी जमिनीतला कठीण थर बघा

सोयाबीननंतर त्याच रानात कोरडवाहू करडई घ्यायची तर तयारी आदल्या वर्षीच सुरू करावी लागते. पेरणी तोंडावर आल्यावर काळी जमीन खोल फोडली की ओल उडून जाते, आणि करडई तर त्या ओलीवरच वाढायची असते.

आदल्या हंगामात सोयाबीन उभं असताना, जमीन ओलसर बघून, खाली कठीण थर आहे का ते कळायला तीन-चार ठिकाणी दीड-दोन फुटांचे खड्डे घ्या. त्यातला एक ट्रॅक्टर वळतो त्या धुऱ्याकडेला हवाच. खड्ड्याच्या भिंतीत वरून खाली चाकू टोचत जा. दरवर्षी एकाच खोलीवर नांगरलेल्या रानात साधारण ८ ते १० इंचांवर चाकू अडतो, माती चपट्या पापुद्र्यांनी सुटते आणि सोटमूळ कोपरासारखं आडवं वळलेलं दिसतं. त्याखाली चाकू पुन्हा सहज जातो. सारखा रोटाव्हेटर फिरला असेल तर थर ४-५ इंचांवरच सापडतो. वाळलेल्या रानात ही परीक्षा करू नका, तेव्हा काळी माती सगळीकडे दगडच लागते.

थर सापडला तर मे महिन्यात सबसॉयलर (खालचा कठीण थर फोडणारं ट्रॅक्टरचं अवजार) चालवा, फाळ थराच्या २-३ इंच खाली, ओळी ४-५ फुटांवर. माती कोरडीच हवी. ओलीत फाळ नुसती चीर पाडतो, थर तडकत नाही. थर नसेल तर डिझेल वाचवा.

मोकळी झालेली जमीन पुन्हा दाबली जाते ती बहुधा सोयाबीनच्या काढणीत. मूठभर माती वळून सुतळीसारखी लांबत असेल तर हार्वेस्टर आत घेऊ नका. ट्रॉली धुऱ्यावरच उभी करा. काढणीनंतर कुळवाच्या एक-दोन पाळ्या पुरतात.

आता खत. कोरडवाहू करडईला हेक्टरी ५० किलो नत्र आणि २५ किलो स्फुरद, म्हणजे एकरी २० आणि १०. डीएपी या खतात स्फुरद आणि नत्र दोन्ही असतात; ते २२ किलो घेतलं तर सगळं स्फुरद भागतं आणि ४ किलो नत्र येतं, उरलेल्यासाठी युरिया ३५ किलो. ४५ किलोची अख्खी गोणी ओतायचा मोह इथेच होतो. सगळं खत पेरणीलाच, दोन चाड्याच्या पाभरीने (बी आणि खत वेगळं सोडणारी), बियाण्याच्या बाजूला आणि थोडं खाली पडेल असं द्या. युरिया बियाण्याला चिकटून पडला तर अमोनियाने कोंब जळतो. बियाणं एकरी ४ किलो, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर अंतर, विरळणीनंतर दोन रोपांत २०.

पुढे पानं पिवळी पडली की लगेच युरिया फेकू नका. थर असेल तर नायट्रेट (पाण्यात विरघळणारं नत्र) पाण्याबरोबर खाली उतरलेलं असतं आणि मुळं वर अडकलेली असतात. पाऊस झाला तर थरावर पाणी साचतं, हवा कोंडते आणि नत्राचा काही भाग वायू होऊन उडतो. कोरड्या मातीवर फेकलेला युरिया मुळांपर्यंत जातच नाही. ओल असताना जास्त दिला तर पाला माजतो, मावा वाढतो, उथळ मुळांच्या आवाक्यातलं पाणी बोंडं भरण्याआधीच संपतं आणि दाण्यात तेलाचा टक्का घटतो.

पिवळे पट्टे चाकाच्या मागावर किंवा धुऱ्याकडेला सरळ रेषेत दिसले, तर तिथे खुंट्या ठोकून ठेवा. मे महिन्यात सबसॉयलर आधी तिथेच लावा.