मुलाला फ्रॉक घालायचाय, मग आईबाबांनी काय करायचं?

माझा लेक चार वर्षांचा असताना एकदा ताईचा पिवळा फ्रॉक घालून बाहेर आला, पुढचं मागे झालेलं, बटणं पोटावर, आणि त्याने एक गिरकी घेतली, ती पुरी व्हायच्या आतच त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं. मुलं तेवढ्यात सगळं वाचतात हो. म्हणून आधी स्वतःचा चेहरा सांभाळा. काही सुचलं नाही तर "अरे वा, काय मस्त फिरतोय घेर!" एवढं बोला, बाकीचं नंतर बघता येतं.

मग विचारा, पण उलटतपासणी नको. "हे का घातलंस?" म्हटलं की मूल गप्प होतं, "यात तुला काय आवडलं?" म्हटलं की बोलायला लागतं. आणि उत्तर बऱ्याचदा साधं असतं, चमकतंय, मऊ आहे, गोल फिरतंय. मुलींचंही तेच, फ्रॉक टोचतो, पळता येत नाही, खिसे नाहीत. मुलीने पँट घातली तर कोणी काही म्हणत नाही, पण कार्यक्रमाच्या दिवशी ती फ्रॉकला नाही म्हणते तेव्हा घरात रडारड होतेच, तिथेही जबरदस्ती करू नका, नीटनेटका शर्ट-पँट चालतो की.

लगेच पुढचं भविष्य काढत बसू नका. काही मुलं सोडून देतात, काहींची आवड टिकते, काही पुढे स्वतःबद्दल वेगळं काही सांगतात, आज कपड्यांवरून ते कळत नाही. हा आजार नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, म्हणजे आजारांच्या आणि निदानांच्या जागतिक यादीत, सरळ लिहिलंय की वेगळं वागणं आणि वेगळ्या आवडी एवढ्यावरून निदान करायचं नाही. मूल सतत उदास असेल, स्वतःच्या शरीराचा त्रास होतो असं पुन्हा पुन्हा सांगत असेल तर मात्र तज्ज्ञांकडे जा, आणि "याला सरळ करून देतो" म्हणणाऱ्याकडे अजिबात जाऊ नका.

शाळेचं जरा नीट समजून घ्या. चार-पाच वर्षांच्या बऱ्याच मुलांना खरंच वाटत असतं की कपडे बदलले की मुलाची मुलगी होते, कपड्यांनी तसं होत नाही ही समज साधारण सहा-सात वर्षांपर्यंत पक्की होत जाते. त्यामुळे "तू मुलगी झालास का?" हा कधी कधी खरा प्रश्न असतो, चिडवणं नसतं. त्याला एक छोटं वाक्य द्या, "मी मीच आहे, मला हे आवडतं", आणि घरी बाहुल्या घेऊन त्याची प्रॅक्टिस करा, एक बाहुली विचारेल, दुसरी उत्तर देईल. टीचरना मूल सोबत नसताना भेटा आणि थेट विचारा, कोणी चिडवलं तर तुम्ही काय कराल? "त्याला दुर्लक्ष करायला सांगा" एवढंच उत्तर आलं तर पुन्हा बोला.

आजी-आजोबांना पटवायचं असेल तर फ्रँकलिन रूझवेल्ट, जे पुढे अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, त्यांचा १८८४ चा लहानपणीचा फोटो दाखवा, फ्रॉकमध्ये आहेत, तेव्हा तिथे छोटे मुलगे तसेच वावरायचे. तरी नाही पटलं तर राहू दे, पण त्याच्यासमोर हसायचं नाही, टोमणे मारायचे नाहीत, हे ठामपणे सांगाच.

सगळ्यात अवघड "घरात घाल, बाहेर नको". हे नुसतं असं म्हटलं की मुलाला वाटतं आपलंच काहीतरी वाईट आहे. त्यापेक्षा खरं सांगा, "फ्रॉकमध्ये काही चूक नाही, पण तिथे काही लोक काहीबाही बोलतील, घालूनच जायचंय की बॅगेत ठेवूया?" खरोखर धोका असेल तिथे निर्णय तुम्ही घ्या, पण कारण लोक आहेत, तो नाही, हे सांगून. लिफ्टमध्ये कोणी विचारलं तर मुलाला उत्तर द्यायला लावू नका, आपणच "त्याला आवडतो" म्हणायचं आणि विषय संपवायचा. आणि फोटो कितीही गोड आला तरी ऑनलाइन टाकू नका, तो त्याचा आहे.

कपडे सगळे त्याच्या हाताला येतील असे एकाच कप्प्यात ठेवा, मुलींचे वेगळे मुलांचे वेगळे असं नको. आम्ही त्या पिवळ्या फ्रॉकला मागच्या बाजूने आतून एक लाल धागा लावला, तेव्हापासून बटणं पाठीवर आली.