मॅगसल्फ चालू असताना: लेबर रूममधल्या नव्या सिस्टरसाठी

एक्लाम्पसियाच्या (गरोदरपणात बीपी वाढून झटके येणं) बाईला मॅगसल्फ, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, लागलं की तिचे झटके थांबतात, पण आपलं काम तिथून सुरू होतं. इंजेक्शनआधी तिला सांगून ठेवा, "ताई, अंग एकदम गरम झाल्यासारखं वाटेल, घाबरू नका." नाहीतर नातेवाईक धावत येतात.

दर चार तासांनी नितंबात ५ ग्रॅमचा डोस, बाजू बदलून. आपल्याकडची ५० टक्क्यांची २ मिलीची अँप्यूल म्हणजे १ ग्रॅम, म्हणजे पाच अँप्यूल. सोबत १ मिली लिग्नोकेन घ्या, हे इंजेक्शन भयंकर दुखतं.

पण सिरिंज भरण्याआधी तीन गोष्टी बघा. श्वास पूर्ण मिनिटभर मोजा (पंधरा सेकंद मोजून चारने गुणणं इथे चालणार नाही), १६ च्या खाली नको. युरोबॅगमध्ये तासाला किमान ३० मिली लघवी हवी, कारण मॅग्नेशियम बाहेर पडतं ते किडनीतूनच. आणि नी जर्क. गुडघ्याखाली हात घालून पाय सैल सोडायला सांगा, वाटीच्या खालच्या टेंडनवर (दोरीसारख्या जाड पट्ट्यावर) हॅमर मारा, नसेल तर हाताची कड. पाय उडाला पाहिजे. औषध अंगात साठलं की आधी हा जर्क जातो, श्वास नंतर मंदावतो. म्हणून मला तिन्हींत याचंच महत्त्व जास्त वाटतं.

एकही गोष्ट चुकली तर डोस थांबवा, डॉक्टरांना बोलवा. मॅगसल्फवरचा उतारा म्हणजे कॅल्शियम ग्लुकोनेट, १० टक्क्यांचं १० मिली, शिरेतून सावकाश द्यायचं असतं. ते आणि अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) मॅगसल्फच्याच ट्रेमध्ये हवी, कुलुपाच्या कपाटात नव्हे.