मांसासाठीच्या गुरांचं ब्रीडिंग: वळू निवडताना नेमकं काय बघायचं

सुरुवात वळूपासूनच करा, कारण हिशोबच तसा आहे. वासराचे निम्मे जीन्स बापाचे, पाव भाग आईच्या बापाचा आणि आठवा भाग आजीच्या बापाचा, म्हणजे तुम्ही कालवडी घरच्याच ठेवत असाल तर आज जन्मलेल्या वासरातले ८७.५ टक्के जीन्स तुम्ही आणलेल्या शेवटच्या तीन वळूंचेच असतात. म्हणून गायींची छाटणी जरूर करा, पण डोकं खर्च करायचं ते वळूवर.

आता वळू चांगला कसा ओळखायचा, तर नुसतं अंगावर बघून नाही. आधी वजनकाटा आणा आणि प्रत्येक वासराची जन्मतारीख, जन्माचं वजन आणि दूध तोडतानाचं वजन लिहा. मग सगळ्यांना २०५ दिवसांच्या वयावर आणा, सोपं आहे: दूध तोडतानाच्या वजनातून जन्मवजन वजा करा, वयाच्या दिवसांनी भागा, २०५ ने गुणा आणि जन्मवजन परत मिळवा. समजा एक वासरू २२० दिवसांचं नि २३० किलोचं, दुसरं १९० दिवसांचं नि २१५ किलोचं, जन्मवजन दोघांचं ३५. काट्यावर पहिलं भारी, पण हिशोब केला की पहिलं येतं २१७ च्या आसपास आणि दुसरं २२९! डोळ्याने निवडणारा इथेच फसतो, मोठं दिसलं म्हणून जे आधी जन्मलं तेच ठेवतो. पहिलटकरीण गायीला दूध कमी असतं, तिच्या वासराला त्याची भर द्यावी लागते हेही विसरू नका.

आणि तुलना एकाच गटात करायची, म्हणजे एकाच हंगामातली, एकाच चाऱ्यावरची, नर नरांशी आणि मादी माद्यांशी. वेगळ्या खुराकावर वाढलेल्या दोन गोऱ्ह्यांचं वजन समोरासमोर ठेवलं तर तुम्ही खुराक मोजताय, जीन्स नाही.

पुढचा शब्द हेरिटॅबिलिटी. गुरांमधला जो फरक दिसतो त्यातला किती जीन्समुळे आहे, त्याचा हा आकडा. वर्षाच्या वयाचं वजन नि मांसातली चरबीची जाळी यांचा साधारण ०.४, गाभण राहण्याच्या गुणांचा ०.१ च्या आसपास. समजा निवडलेले वळू कळपाच्या सरासरीपेक्षा ५० किलोने वरचढ आहेत आणि ठेवलेल्या गायी १० किलोने, म्हणजे आईबापांची सरासरी ३०, त्याला ०.४ ने गुणलं की पुढच्या पिढीत १२ किलो मिळतील. पिढी बदलायला पाच वर्षं धरली तर वर्षाला २.४ किलो. कमी वाटेल, पण हे कळपात मुरत जातं, दरवर्षी नव्याने खुराक घालून मिळवावं लागत नाही.

वळूच्या कागदावर अमेरिकेत ईपीडी लिहितात, म्हणजे त्याच्या वासरांत किती फरक पडेल याचा अंदाज, ऑस्ट्रेलियात ईबीव्ही, म्हणजे वळूच्या स्वतःच्या जीन्सचं मोल, आणि वासरात निम्मेच जीन्स जातात म्हणून ईपीडी हा ईबीव्हीच्या निम्मा असतो, त्यामुळे दोन देशांचे आकडे तसेच शेजारी ठेवू नका. शेजारची ॲक्युरसी, म्हणजे तो अंदाज किती भरवशाचा आहे त्याचा आकडा, बघाच. वळू तरणा असेल आणि त्याची वासरं अजून झालेली नसतील तर जीनोमिक टेस्टने, म्हणजे त्याचा डीएनए तपासून, अंदाज बराच पक्का होतो, फक्त ती टेस्ट त्याच ब्रीडच्या माहितीवर बेतलेली हवी.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. एकच गुण धरून पळू नका, जीन्स एकटे चालत नाहीत. वजनावर निवड केली की जन्मवजनही वाढतं, गायी विताना अडायला लागतात, आणि मोठ्या झालेल्या गायी चाराही जास्त खातात. म्हणून जन्मवजन कमी पण नंतरची वाढ जोरात असे वळू शोधायचे, असतात ते, आकडे बघितले की सापडतात. बेल्जियन ब्लू या ब्रीडचं उदाहरण घ्या, स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन जीनमधली डीएनएची ११ अक्षरं तिच्यात गळालेली आहेत, हे १९९७ मध्ये कळलं. मांस भरपूर, पण त्या ब्रीडमध्ये बहुतेक वासरं सिझेरियननेच काढावी लागतात. इंग्लंडच्या रॉबर्ट बेकवेलने १८ व्या शतकात जवळच्या नात्यात जोड्या लावून लाँगहॉर्न ही गुरांची ब्रीड घडवली, तिथेही अंगावर चरबी आली पण दूध नि वीण मागे पडली आणि पुढे शॉर्टहॉर्न या दुसऱ्या ब्रीडने तिची जागा घेतली.

लपलेल्या दोषांचं तर विचारूच नका. १९४० आणि ५० च्या दशकांत अमेरिकेत प्रदर्शनांमध्ये बुटकी, गच्च अंगाची हेरफर्ड ब्रीडची गुरं आवडायची. खुजेपणाच्या दोषी जीनची एकच प्रत असलेली जनावरं, म्हणजे कॅरियर, नेमकी थोडी तशीच दिसायची, म्हणून तीच बक्षिसं घेत गेली आणि दोन कॅरियर जुळले की चारातलं एक वासरू खुजं. जीन शोधायची सोय नव्हती तेव्हा वळू स्वच्छ आहे याची ९९ टक्के खात्री हवी तर तो त्याच्याच ३५ मुलींना लावून एकही दोषी वासरू येत नाही ना, हे बघावं लागे. आता केसांच्या मुळांवरून टेस्ट होते, ती केल्याशिवाय वळू घेऊच नका. आणि कॅरियर निघाला म्हणून लगेच सगळा वंश कापू नका, स्वच्छ गायींना लावला तर दोषी वासरू होत नाही, पुढची वासरं तेवढी टेस्ट करून निवडा.

कमी हेरिटॅबिलिटीचे गुण, म्हणजे गाभण राहणं, वासरू जगणं, गाय जास्त वर्षं टिकणं, निवडीने फार हळू सुधारतात, तिथे क्रॉसब्रीडिंग कामाला येतं, कारण संकराचा जोम याच गुणांत सगळ्यात जास्त दिसतो. टेक्ससच्या किंग रँचने शॉर्टहॉर्न नि ब्राह्मण या गुरांच्या दोन ब्रीड मिळवून सांता गर्ट्रुडिस घडवली, ५/८ आणि ३/८ च्या प्रमाणात, १९४० मध्ये तिला ब्रीड म्हणून मान्यता मिळाली. बापलेकीच्या जोडीत मात्र वासराचं इनब्रीडिंग, म्हणजे आईबापांकडून एकाच पूर्वजाचा तोच जीन दोनदा येण्याची शक्यता, २५ टक्के, सावत्र भावाबहिणीच्या जोडीत १२.५, आणि फटका त्याच गाभण राहण्याच्या नि जगण्याच्या गुणांना बसतो. त्यामुळे वळू कळपात आला त्याच दिवशी तो जाण्याची तारीख वहीत लिहून ठेवा, त्याच्या पहिल्या कालवडी माजावर यायच्या आत एकतर तो हलवा नाहीतर कालवडी वेगळ्या बांधा.