प्लेट कोरी आली म्हणून पाणी स्वच्छ ठरत नाही: डेंटल चेअरच्या पाण्याची तपासणी करताना या चुका टाळा

"मॅडम, बाराही चेअरचं पाणी एकदम क्लीन आलंय!"

एमडीएसच्या, म्हणजे दंतशास्त्रातल्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाच्या, दुसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी प्लेटांची चळत घेऊन माझ्या टेबलाशी उभी होती. वरची प्लेट मी उजेडाकडे धरली. आगर, म्हणजे जिवाणू वाढवायची जेलीसारखी खाद्याची चकती, नितळ होतं, त्यावर एक ठिपका नव्हता. आदल्याच आठवड्यात सर्व्हिस इंजिनिअरने त्यातल्या एका चेअरची जुनी नळी बदलली होती आणि तिचा बोटभर तुकडा मी ठेवून घेतला होता. तो ब्लेडने उभा चिरला. आतून ग्लोव्हचं बोट फिरवलं तर पावसाळ्यातल्या फरशीसारखा बुळबुळीत थर बोटाला आला. एवढा थर जमलेल्या नळीतून येणाऱ्या पाण्यात एकही जिवाणू नसेल, हे मला पटेना.

चौकशी केली. सॅम्पलच्या बाटल्यांत क्लोरीन निष्प्रभ करणारं थायोसल्फेट घातलं नव्हतं. प्लेट न्यूट्रिएंट आगरच्या होत्या, 37 अंशांवर ठेवलेल्या, आणि 24 तासांनी मोजून टाकलेल्या. विद्यार्थिनीने कामात कसूर केली नव्हती. विभागात लघवीच्या, पुवाच्या सॅम्पलला जी पद्धत आहे, तीच तिने पाण्याला लावली होती. पाण्याची पद्धत वेगळी असते हे आमच्यापैकी कोणी तिला सांगितलंच नव्हतं.

या तपासणीतल्या बहुतेक चुका एकाच दिशेला जातात. आकडा कमी दाखवतात. रक्ताच्या कल्चरमध्ये चूक झाली तर खोटी ग्रोथ दिसते आणि डॉक्टर उलटून विचारतात. इथे चूक झाली की प्लेट कोरी येते, सगळे खूश होतात आणि कोणी काही विचारत नाही. म्हणून या कामात मी भरगच्च प्लेटपेक्षा कोऱ्या प्लेटकडे जास्त वेळ बघते.

हे इतकं महत्त्वाचं का, ते थोडक्यात सांगते. एअरोटर (दात कोरायचं), स्केलर (दातांवरचं कीटण काढायचं) आणि थ्री-वे सिरिंज (पाणी-हवा मारायची) या उपकरणांना पाणी पोचवणाऱ्या नळ्या आतून जेमतेम दोन मिलिमीटरच्या असतात. त्यात पाणी थोडं आणि त्या पाण्याला लागणारी भिंत भरपूर. रात्रभर आणि रविवारभर ते पाणी तुंबून राहतं. भिंतीला जिवाणूंचा थर, म्हणजे बायोफिल्म, धरतो आणि चेअर सुरू झाली की त्यातले जिवाणू सुटून फवाऱ्यात येतात. ब्रिटनमध्ये ब्लेक यांनी 1963 मध्येच हे दाखवून दिलं होतं. 2015 मध्ये अमेरिकेतल्या जॉर्जियात आणि 2016 मध्ये कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये लहान मुलांना दुधाच्या दातांच्या पल्पोटॉमीनंतर (दाताच्या आतला खराब गर काढण्याच्या उपचारानंतर) मायकोबॅक्टेरियम ॲबसेसस या जिवाणूचा संसर्ग झाला. माग काढल्यावर तो चेअरच्या पाण्यापर्यंत पोचला. इटलीत 2011 मध्ये 82 वर्षांच्या एका बाईंचा लेजिओनेला या पाण्यातल्या जिवाणूच्या न्यूमोनियाने मृत्यू झाला. त्यांच्या फुप्फुसातला जिवाणू आणि दंतवैद्याच्या चेअरच्या नळीतला जिवाणू जनुकीय तपासणीत जुळला.

अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेची मर्यादा एका मिलिलिटरमागे 500 कॉलनींची (प्लेटवर ठिपक्यासारख्या दिसणाऱ्या जिवाणूंच्या पुंजक्यांची) आहे. अमेरिकन डेंटल असोसिएशनने 1995 मध्ये 200 चं उद्दिष्ट ठेवलं होतं. आपल्याकडच्या बहुतेक प्रबंधांत याच दोन आकड्यांशी तुलना असते. पण आपला आकडाच मुळात खोटा असेल तर त्या तुलनेचा उपयोग काय?

बाटलीत क्लोरीन तसंच राहू देणं

सगळ्यात जास्त दिसणारी चूक ही आणि सगळ्यात घातकही हीच. भारतीय मानक 10500 प्रमाणे नळाच्या पाण्यात लिटरमागे किमान 0.2 मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन असावं लागतं. त्यात चेअरला पाणी पुरवणाऱ्या बाटलीत कोणी हायपोक्लोराइट सोडलेलं असतं. तुम्ही सॅम्पल घेता, बाटली आइस बॉक्समध्ये ठेवता, दोन तासांनी लॅबमध्ये पोचता. त्या दोन तासांत क्लोरीन बाटलीच्या आत आपलं काम चालूच ठेवतं. तुमच्या प्लेटवर त्या दोन तासांत मेलेल्या जिवाणूंचा हिशोब येतो. रुग्णाच्या तोंडात गेलं ते पाणी वेगळंच असतं.

उपाय सोपा आणि स्वस्त आहे. 120 मिलिलिटरच्या बाटलीत 3 टक्के सोडियम थायोसल्फेटचं 0.1 मिलिलिटर द्रावण घाला आणि मगच बाटली ऑटोक्लेव्ह करा, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करा. लिटरमागे 5 मिलिग्रॅमपर्यंतचं क्लोरीन एवढ्याने निष्प्रभ होतं. ऑटोक्लेव्ह झाल्यावर झाकण उघडून थायोसल्फेट घालत बसू नका, त्यात बाटली दूषित होते. आणि सॅम्पल घेण्याआधी बाटली पाण्याने विसळू नका. नळावरच्या सवयीने हात तसा जातो, आणि थायोसल्फेट सिंकमध्ये जातं.

पण थायोसल्फेट हे सर्व जंतुनाशक औषधांवरचं उत्तर नाही. चेअरमध्ये कोणतं औषध वापरतात ते आधी विचारा. नुसतं विचारू नका, डबा हातात घेऊन लेबल वाचा. हायड्रोजन पेरॉक्साइड असेल तर कॅटलेज लागतं. क्लोरहेक्सिडीन किंवा क्वाटर्नरी अमोनियमचं औषध असेल तर लेसिथिन आणि ट्वीन 80 लागतात. निवडलेला न्यूट्रलायझर, म्हणजे औषध निष्प्रभ करणारा पदार्थ, खरंच काम करतो का, हेही एकदा तपासून घ्या. ओळखीचा एक जिवाणू मोजून तीन नळ्यांत घाला: साधं निर्जंतुक पाणी, नुसता न्यूट्रलायझर, आणि न्यूट्रलायझर अधिक औषध. तिन्हींची मोजणी जवळपास सारखी आली तर पुढे जा. दुसऱ्या नळीत मोजणी पडली तर न्यूट्रलायझरच जिवाणूंना मारतो आहे. फक्त तिसरीत पडली तर तो पुरा पडत नाही. एका दिवसात प्लेट लावून होणारं हे काम पुढचे सहा महिने वाचवतं.

पाण्यातल्या जिवाणूंना माणसाच्या अंगातल्यासारखं वाढवणं

चेअरच्या नळीतले जिवाणू गरिबीत वाढलेले असतात. थंड पाणी आणि नावापुरतं अन्न. त्यांना एकदम न्यूट्रिएंट आगरची मेजवानी आणि 37 अंशांची ऊब दिली की त्यातले पुष्कळ वाढतच नाहीत. याचसाठी रीझनर आणि गेल्डरीच यांनी 1985 मध्ये आर2ए हे कमी अन्नाचं आगर मांडलं. 20 ते 28 अंशांवर, पाच ते सात दिवस.

त्या विद्यार्थिनीच्या चेअरचं पाणी आम्ही पुन्हा लावलं, या वेळी थायोसल्फेट घालून आणि आर2ए वर. दुसऱ्या दिवशी प्लेट कोरीच. तिचा चेहरा खुलला. तिसऱ्या दिवशी तिरप्या उजेडात टाचणीच्या टोकाएवढे फिकट ठिपके दिसायला लागले. पाचव्या दिवशी प्लेट पिवळ्या ठिपक्यांनी भरली होती आणि त्यांच्या मधूनमधून सुरेख गुलाबी कॉलनी होत्या. पिवळ्या बहुधा स्फिंगोमोनास, गुलाबी मिथायलोबॅक्टेरियम. दोन्ही पाण्याच्या नळ्यांत नेहमी सापडणारे. मामांनी, म्हणजे आमच्या लॅब अटेंडंटनी, प्लेट हातात घेऊन विचारलं, "मॅडम, हे सगळं आधीपण होतं काय?" होतं. आम्ही चोवीस तासांत प्लेट फेकून देत होतो.

आता आपल्याकडची खास अडचण. पुस्तकात "खोलीचं तापमान" लिहिलेलं असतं म्हणून प्लेट बाकावर ठेवल्या जातात. मे महिन्यात नागपूर-अकोल्याकडे पारा 40 च्या वर जातो आणि बंद लॅबमध्ये दुपारी काही वेगळं नसतं. 20 ते 28 हवं असेल तर गार करण्याची सोय असलेला बीओडी इन्क्युबेटरच हवा. साधा इन्क्युबेटर तापवू शकतो, गार करू शकत नाही. वीज जाते तेव्हा काय होतं तेही बघा. आत थर्मामीटर ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ वहीत लिहा.

सात दिवसांत आगर सुकतं, कडेने सुटतं, भेगा पडतात. त्यासाठी प्लेट जाड ओता, 20 ते 25 मिलिलिटर, आणि उलट्या ठेवून झिप पिशवीत बंद करा. उलट गडबडही होते. ओतल्यावर प्लेट नीट सुकू दिल्या नाहीत तर झाकणाखालचं पाणी आगरवर पसरतं आणि कॉलनी एकमेकींत मिसळतात.

सॅम्पल कधी घेतलं ते न लिहिणं

सकाळी पहिल्या रुग्णाआधी, काहीही न सोडता घेतलेलं पाणी आणि दोन मिनिटं नळी वाहू देऊन घेतलेलं पाणी, यांच्या मोजणीत मोठा फरक पडतो. पहिलं रात्रभर तुंबलेलं. दुसऱ्यात सुटे जिवाणू वाहून गेलेले, थर मात्र तिथेच. दोन्हींतलं कुठलंही घ्या, पण ठरवून घ्या आणि सगळ्या चेअरना तेच लावा. एका विभागात सकाळी आठला आणि दुसऱ्यात दुपारी दोनला सॅम्पल घेऊन "विभागांतला फरक" काढलेला मी पाहिला आहे. तो फरक घड्याळाचा होता.

हँडपीस (हातात धरायचं उपकरण) काढून नळीच्या टोकाशी सॅम्पल घ्या. टोक 70 टक्के अल्कोहोलने पुसा आणि पूर्ण सुकू द्या. घाईत ओल्या टोकाखाली बाटली धरली तर अल्कोहोलचे थेंब आत जातात आणि पुन्हा तेच, आकडा खाली. बाटली काठोकाठ भरू नका, हलवायला जागा ठेवा, आणि प्लेट लावण्याआधी जोरात हलवा. सॅम्पल गार ठेवून त्याच दिवशी लावा. दुसऱ्या दिवसावर ढकलायचं म्हटलं तरी 24 तासांच्या पुढे नाही.

मोजताना होणाऱ्या चुका

डायल्युशन, म्हणजे पाणी पातळ करण्याचं प्रमाण, 1:100, त्यातलं 0.1 मिलिलिटर पसरलं, कॉलनी 64. उत्तर मिलिलिटरमागे 64,000. माझ्याकडे तपासायला येणाऱ्या वह्यांत ते अनेकदा 6,400 असतं, कारण पसरलेलं पाणी एक मिलिलिटर नसून त्याचा दहावा भाग आहे हे विसरलेलं असतं. पाणी तसंच, न पातळ करता 0.1 मिलिलिटर लावलं आणि 42 कॉलनी आल्या तर पाणी 420 वर आहे. 500 च्या आत, 200 च्या बाहेर. इथे दहाचा गुणक विसरलात तर तेच पाणी 42 वर येतं आणि दोन्ही कसोट्यांत आरामात पास होतं.

आणि शून्य. 0.1 मिलिलिटर लावून एकही कॉलनी आली नाही तर "शून्य" लिहू नका. "10 पेक्षा कमी" लिहा. तुमच्या पद्धतीला त्याखालचं दिसतच नाही.

30 ते 300 कॉलनी असलेली प्लेटच मोजणीसाठी धरा. त्यासाठी किमान तीन डायल्युशन लावा, नाहीतर सगळ्या प्लेट "मोजता न येण्याइतक्या" निघतात आणि आठवडा वाया जातो. रोज निर्जंतुक पाण्याची एक प्लेट आणि एक उघडी ठेवलेली प्लेट लावा. उघड्या प्लेटवर मोठ्या, पसरट, सुरकुतलेल्या कॉलनी आल्या तर आधी छताचा पंखा चालू होता का ते विचारा.

एक गोष्ट आवर्जून सांगते. मोजणी 500 च्या आत आली म्हणजे लेजिओनेला नाही असं होत नाही. त्याला बीसीवायई नावाचं कोळशाचं आगर लागतं. आर2ए च्या आकड्यावरून "पाणी सुरक्षित आहे" असं कोणाला लेखी देऊ नका. आणि शस्त्रक्रियेला, म्हणजे हाड उघडं पडेल अशा कामाला, चेअरच्या पाण्याची मोजणी कितीही चांगली असली तरी निर्जंतुक सलाईनच वापरायचं.

पाच चेअर, तीस सॅम्पल

पाच चेअरची सहा-सहा सॅम्पल घेऊन "एकूण 30" लिहिणं ही प्रबंधांतली नेहमीची चूक. एकाच नळीतली सहा सॅम्पल सख्खी भावंडं असतात. त्यांना स्वतंत्र धरून टी-टेस्ट ही संख्याशास्त्राची चाचणी लावली की नसलेला फरक "सिग्निफिकंट" दिसतो. सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, लिहितानाच बायोस्टॅटिस्टिक्सच्या सरांकडे जा. प्लेट मोजून झाल्यावर गेलात तर ते काहीच करू शकत नाहीत. एक चेअर 40 वर आणि दुसरी 80,000 वर अशी मोजणी असते तेव्हा साधी सरासरी काढण्यात अर्थ नसतो, आकड्यांचे लॉग (लॉगॅरिदम) घ्या.

नुसत्या पाण्याचा अभ्यास असला तरी एथिक्स कमिटीचं पत्र सॅम्पल घेण्याआधी घ्या. नंतर मागितलेली परवानगी मिळत नाही. बाहेरच्या क्लिनिकची सॅम्पल असतील तर नावाऐवजी क्रमांक लिहा.

औषध सोडल्यावरही मोजणी उतरत नसेल तर

आमच्या त्या बारा चेअरना उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात शॉक डोस, म्हणजे जंतुनाशकाचा एकदम मोठा डोस, दिला आणि आठवड्याने पुन्हा सॅम्पल घेतलं. दहा चेअर 200 च्या आत आल्या. दोन चेअर काही केल्या उतरेनात. डोस वाढवायचं बोलणं सुरू झालं होतं. तेवढ्यात त्या विद्यार्थिनीच्याच लक्षात आलं की या दोन चेअरना स्केलरची जास्तीची नळी आहे आणि ती कोणी वापरत नाही. औषध सोडताना एअरोटर आणि सिरिंज चालवून बघितली जायची, स्केलरचं पायडल कोणी दाबतच नव्हतं. महिनोन्महिने तुंबलेलं ते पाणी पुढच्या जोडाशी मिसळून दोन्ही नळ्या पुन्हा पुन्हा बिघडवत होतं. आता औषध सोडायच्या यादीत चेअर क्रमांकापुढे प्रत्येक नळीचं नाव वेगळं लिहिलेलं असतं, आणि दर शनिवारी मामा स्केलरचं पायडल दाबून, पाणी येतंय हे बघून, मगच त्यापुढे खूण करतात.